पाइनटाइम घेताय? बांधण्याआधी आणि बांधल्यावर

पाइनटाइम हे स्मार्टवॉच कोणी घेऊ नये, हे आधी सांगतो. ज्यांना मनगटावरून फोनवर बोलायचंय, धावताना जीपीएसने रस्ता नोंदवून हवाय, रक्तातला ऑक्सिजन बघायचाय किंवा घड्याळावरूनच मेसेजला उत्तर द्यायचंय, त्यांनी इथेच थांबावं. या घड्याळात माइक नाही, स्पीकर नाही, जीपीएस नाही, वायफाय नाही. तेवढ्याच पैशांत आपल्याकडे ऑनलाइन सेलमध्ये मोठ्या झगमगीत स्क्रीनचं, कॉलिंगवालं घड्याळ मिळतं. दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर पाइनटाइम जवळजवळ प्रत्येक रकान्यात मागे पडतं.

मग घ्यायचं कशाला? कारण ते वापरायला खातं उघडावं लागत नाही, मोबाइल नंबर द्यावा लागत नाही आणि तुमची पावलं कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर जात नाहीत. आत चालणारं सॉफ्टवेअर खुलं आहे, ते लिहिणारे लोक स्वतः हेच घड्याळ वापरतात, आणि जुन्या घड्याळालाही नवी आवृत्ती मिळत राहते. बंदिस्त घड्याळांचं काय होतं याचं उदाहरण पेबलचं आहे. लाखो लोकांच्या हातात असलेली ही कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाली, फिटबिटने तिची मालमत्ता घेतली आणि जून २०१८ मध्ये सर्व्हरही थांबले. ती घड्याळं पुढे चालू राहिली ती रेबल नावाच्या हौशी मंडळींमुळे. पाइनटाइममध्ये सगळी भिस्त पहिल्यापासून अशाच मंडळींवर आहे, एवढाच फरक.

हे पटत असेल तर पुढे वाचा. क्रम मुद्दाम असा लावलाय की पायऱ्या त्याच क्रमाने केल्यात तर अडायला होणार नाही.

पायरी १: खरेदी

पाइनटाइम पाइन६४ ही कंपनी विकते. तिच्या दुकानातली किंमत २६.९९ डॉलर, म्हणजे आपले साधारण सव्वादोन ते अडीच हजार रुपये. पण भारतात मागवताना हा आकडा अर्धवट आहे. पाठवणावळ वेगळी, वर सीमाशुल्क आणि जीएसटी, शिवाय कुरियरवाले पार्सल सोडवण्याआधी केवायसीची कागदपत्रं मागतात. त्यामुळे हातात पडेपर्यंतचा खर्च धरून मगच ‘स्वस्त’ म्हणा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारं कोणी नात्यातलं दिवाळीला घरी येणार असेल तर तो मार्ग सोपा.

हे घड्याळ दोन प्रकारांत निघालं: सीलबंद आणि डेव्ह किट. डेव्ह किटचं मागचं झाकण चिकटवलेलं नसतं, म्हणजे आतल्या पिनांना वायर जोडून सॉफ्टवेअर थेट भरता येतं. ऐकायला भारी वाटतं, पण ते पाण्यात चालत नाही आणि रोज वापरायला नाही. सीलबंदच घ्या. त्याची दुसरी बाजू अशी की आतलं सॉफ्टवेअर पार बिघडलं तर झाकण उचकटल्याशिवाय इलाज नाही. घाबरू नका, ती वेळ येऊ नये म्हणून घड्याळातच चांगला बंदोबस्त आहे, त्याबद्दल पायरी ४ मध्ये.

वॉरंटी फक्त ३० दिवसांची आहे. म्हणून पार्सल आलं की आठवडाभर तसंच कपाटात ठेवू नका. पहिल्याच दिवशी चार्जिंग, टच, बटण, व्हायब्रेशन आणि ब्लूटूथ या पाच गोष्टी तपासा.

पायरी २: डबा उघडल्यावर

आत घड्याळ, पट्टा आणि चार्जिंगचा छोटा पाळणा एवढंच निघतं. पाळण्याची वायर फोनच्या साध्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरला किंवा कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावा. घड्याळाच्या पाठीवरचे दोन धातूचे ठिपके पाळण्यातल्या पिनांवर नेमके बसले पाहिजेत. बसले असं वाटणं आणि खरंच बसणं यात फरक पडतो, म्हणून ठेवल्यावर स्क्रीन जागी करून चार्जिंगची खूण आलीय का ते बघायची सवय लावून घ्या. ती न बघता रात्रभर ठेवलेलं घड्याळ सकाळी तितकंच रिकामं असतं.

आतली सामग्री पाहिली की या घड्याळाकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं. नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ ही ६४ मेगाहर्ट्झची चिप, ६४ किलोबाइट रॅम, प्रोग्रॅमसाठी ५१२ किलोबाइट जागा आणि त्याला जोडून वेगळी ४ मेगाबाइट फ्लॅश. तुमच्या फोनने काढलेला एखादा चांगला फोटोही यात मावणार नाही. स्क्रीन १.३ इंची, २४० बाय २४० पिक्सेलची एलसीडी. बॅटरी १८० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास. एवढ्याशा जागेत नोटिफिकेशन, गजर, स्टॉपवॉच, टायमर, पावलं, नाडी, गाण्यांचं रिमोट आणि वर एक-दोन खेळ बसवलेत, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

चालवायची रीत दोन मिनिटांत हाताला बसते. डायलवर बोट खालून वर सरकवलं की अ‍ॅप्सची यादी, वरून खाली ओढलं की नोटिफिकेशन, डावीकडून उजवीकडे सरकवलं की झटपट सेटिंग्ज: उजेड, टॉर्च, घंटेची खूण आणि सगळ्या सेटिंग्जचं दार. बाजूचं एकुलतं एक बटण म्हणजे ‘मागे या’. डायलवर असताना तेच दाबलं की स्क्रीन झोपते.

पायरी ३: फोनशी जोडणी

पहिली सूचना: फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये जाऊन घड्याळ पेअर करू नका. सवयीने सगळे तिथेच जातात. जोडणी अ‍ॅपमधूनच करायची.

अँड्रॉइडवर ते अ‍ॅप म्हणजे गॅजेटब्रिज. ते एफ-ड्रॉइड या खुल्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून घ्या. गॅजेटब्रिज इंटरनेटची परवानगीच मागत नाही. म्हणजे तुमचा डेटा बाहेर न पाठवण्याचं आश्वासन देण्याचा प्रश्नच नाही, त्याच्याकडे बाहेर जायला रस्ताच नाही. शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं.

अ‍ॅप उघडा, परवानग्या द्या, अधिक चिन्ह दाबून शोध सुरू करा. शोधताना घड्याळाची स्क्रीन जागी ठेवा आणि ते फोनजवळ असू द्या. यादीत ‘इन्फिनीटाइम’ (घड्याळातल्या सॉफ्टवेअरचं नाव) दिसेल, ते निवडा. घड्याळावर सहा आकडी संकेतांक उमटला तर तो फोनवर टाका. काही फोनवर शोधासाठी लोकेशन चालू असावं लागतं. घड्याळाला तुमचा ठावठिकाणा हवाय म्हणून नव्हे, अँड्रॉइडचा नियम तसा आहे म्हणून.

जोडलं की वेळ आणि तारीख आपोआप लागते. इथपर्यंत बहुतेकांचं विनासायास होतं. खरी कुरकुर दुसऱ्या दिवशी सुरू होते: ‘काल चालत होतं, आज नोटिफिकेशन येत नाहीत.’ तसं होऊ नये म्हणून आजच तीन गोष्टी करून ठेवा.

एक, फोनच्या सेटिंग्जमध्ये गॅजेटब्रिजला नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी द्या. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर हे बटण कधीकधी करडं असतं, दाबलंच जात नाही. अशा वेळी फोनच्या अ‍ॅप्सच्या यादीत गॅजेटब्रिजच्या माहितीच्या पानावर जा, उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये प्रतिबंधित सेटिंग्जना परवानगी देण्याचा पर्याय सापडेल. तो दिला की करडं बटण जिवंत होतं.

दोन, बॅटरी बचतीच्या यादीतून गॅजेटब्रिजला वगळा. आपल्याकडे सर्वाधिक खपणारे बरेच फोन मागे चालणारी अ‍ॅप्स फार निर्दयपणे बंद करतात. या फोनांत नेहमीच्या बॅटरी सेटिंगखेरीज ‘ऑटोस्टार्ट’ असा आणखी एक पर्याय लपवलेला असतो, तोही चालू करा. घड्याळ सारखं तुटतंय अशा तक्रारींत घड्याळाचा दोष थोडा आणि फोनच्या या काटकसरीचा जास्त, असंच मी बघत आलोय.

तीन, गॅजेटब्रिजमध्ये आपोआप पुन्हा जोडण्याचा पर्याय चालू ठेवा. म्हणजे फोन घरी विसरून दूध आणायला गेलात तरी परतल्यावर हाताने जोडत बसावं लागणार नाही.

आणि लक्षात असू द्या, हे घड्याळ एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतं. लॅपटॉपवरून जोडलेलं असेल तर फोनला ते दिसणारच नाही.

लिनक्सवाल्यांसाठी आयटीडी, सिग्लो, वॉचमेट आणि अ‍ॅमेझफिश असे पर्याय आहेत. आयफोनसाठी इन्फिनीलिंक आहे. त्यातून वेळ लावणं, अपडेट वगैरे जमतं, पण अँड्रॉइडसारखी सगळ्या अ‍ॅप्सची नोटिफिकेशन मनगटावर येतील अशी आशा धरून आयफोनवाल्यांनी हे घेऊ नये.

पायरी ४: फर्मवेअर अपडेट, आणि न विसरायचं एक बटण

नवं घड्याळ बहुधा जुनी आवृत्ती घेऊनच येतं. आत चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, ते इन्फिनीटाइम. एप्रिल २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून डायल, हवामान, झोपेचा मोड, बॅटरीची काटकसर असं बरंच काही त्यात भरत गेलं. म्हणून जोडणी झाली की लगेच अपडेट करून घ्या. आधी घड्याळ अर्ध्याहून जास्त चार्ज असू द्या.

गिटहब या खुल्या सॉफ्टवेअरचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटवर इन्फिनीटाइमच्या ताज्या आवृत्तीच्या पानावर फायलींची मोठी यादी दिसेल. नवखा माणूस तिथे बिचकतो. तुमच्या कामाच्या फक्त दोन. एक, जिच्या नावात ‘एमसीयूबूट’, ‘अ‍ॅप’ आणि ‘डीएफयू’ हे तिन्ही शब्द आहेत अशी झिप फाइल, हे खरं फर्मवेअर. दुसरी, जिच्या नावात ‘रिसोर्सेस’ आहे ती झिप. तिच्यात काही डायलची चित्रं आणि अक्षरं असतात. बाकीच्या फायली वायर जोडून काम करणाऱ्यांच्या, त्यांना हात लावू नका. झिप उघडायचीही नाही, आहे तशीच लागते.

डाउनलोड झालेल्या फर्मवेअरच्या झिपवर फोनमध्ये टिचकी मारा आणि ‘यातून उघडा’च्या यादीत गॅजेटब्रिज निवडा. तो आवृत्ती दाखवेल, तुम्ही इन्स्टॉल म्हणा. घड्याळावर पट्टी सरकायला लागेल. ब्लूटूथ लो एनर्जीचा वेग बेताचाच, त्यामुळे काही मिनिटं जातात. तेवढा वेळ फोन आणि घड्याळ टेबलावर शेजारी ठेवा आणि दुसरं काही करू नका. मध्येच तुटलं तरी आभाळ कोसळत नाही, जुनी आवृत्ती जागेवर असते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घड्याळ अपडेट घ्यायलाच तयार नसेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘ओव्हर-द-एअर’ असा पर्याय आहे का आणि तो बंद आहे का ते बघा. नव्या आवृत्त्यांमध्ये कोणी परक्याने परस्पर काही भरू नये म्हणून ही कडी दिली आहे.

पूर्ण झालं की घड्याळ स्वतःच पुन्हा सुरू होतं. स्क्रीनवर पाइनच्या फळाचं चिन्ह खालून वर हिरवं रंगत जातं आणि मग डायल येतो. नवी आवृत्ती आली, काम झालं असं इथे वाटतं. झालेलं नसतं.

सेटिंग्जमध्ये जा, ‘फर्मवेअर’ उघडा. आवृत्तीचा क्रमांक आणि खाली दोन बटणं दिसतील, एक हिरवं, एक लाल. हिरवं ‘व्हॅलिडेट’ दाबा. एवढ्या एका दाबण्याने नवी आवृत्ती पक्की होते. ते राहून गेलं तर घड्याळ दोनचार दिवस छान चालतं, आणि कधीतरी बॅटरी संपून किंवा अन्य कारणाने पुन्हा सुरू झालं की जुनीच आवृत्ती परत येते. मग माणूस चक्रावतो की अपडेट गेलं कुठे.

यामागचं कारण समजलं की ही कटकट वाटत नाही. नवी आवृत्ती आधी त्या ४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये उतरते. पुन्हा सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जुनी आणि नवी यांची अदलाबदल करतो, आणि जुनी फेकून न देता तिकडे जपून ठेवतो. नवी आवृत्ती काही कारणाने लटकली तर तुम्ही हिरव्या बटणापर्यंत पोहोचूच शकणार नाही, आणि म्हणूनच पुढच्या वेळी जुनी आपोआप परत येते. सीलबंद घड्याळ उघडता येत नसताना यापेक्षा शहाणी योजना मला सुचत नाही. तेव्हा हिरवं बटण दाबण्यापूर्वी ब्लूटूथ जोडलं जातंय ना, टच चालतोय ना, एवढं बघून घ्या. मग दाबा.

त्यानंतर रिसोर्सेसची झिप तशीच गॅजेटब्रिजमधून चढवा. तिची आवृत्ती फर्मवेअरच्या आवृत्तीशी जुळणारी हवी. ती चढवल्याशिवाय ‘इन्फिनीट’ नावाचा डायल आणि जुन्या कॅसिओच्या धाटणीचा डायल निवडता येत नाही. कॅसिओवर ज्यांचं शाळकरी वय गेलं, त्यांच्यासाठी एवढ्यासाठीही ही झिप वसूल आहे.

पायरी ५: नोटिफिकेशनला लगाम, आणि आपल्या लिपीचं दुखणं

पहिल्याच दिवशी सगळ्या अ‍ॅप्सना मुभा दिलीत तर संध्याकाळपर्यंत मनगट थरथरून वैताग येईल. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, बँकेचे ओटीपी, किराणा पोचवणाऱ्यांच्या सवलती, सगळं एकाच तीव्रतेने कंप पावतं. गॅजेटब्रिजमध्ये अ‍ॅपनिहाय यादी आहे. तिथे आधी सगळं बंद करा आणि मग फोन, एसएमएस आणि एखादं मेसेजिंग अ‍ॅप एवढंच उघडा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे ग्रुप म्यूट केलेत त्यांचा त्रास इथेही कमी होतो. फोनची स्क्रीन चालू असताना घड्याळावर काही पाठवू नये, असाही पर्याय आहे. तो जरूर लावा.

घड्याळ शेवटची पाच नोटिफिकेशन ठेवतं आणि प्रत्येकातली सुरुवातीची सुमारे शंभर अक्षरं. लांबलचक मेसेज वाचायला हे यंत्र नाही. कोण बोलावतंय आणि फोन आत्ता खिशातून काढायला हवा का, एवढंच सांगायला ते आहे. गर्दीच्या लोकलमध्ये एक हात कडीला असताना याची खरी किंमत कळते. फोन आला तर घेणे, तोडणे आणि गप्प करणे अशी तीन बटणं येतात. घेतलात तर बोलायचं मात्र फोनवरच.

आता दुखणं. देवनागरी दिसत नाही. इन्फिनीटाइमच्या अक्षरसाच्यांत (फॉन्टमध्ये) रोमन आणि सिरिलिक (रशियनची लिपी) आहेत, आपली लिपी नाही. आईने ‘येताना कोथिंबीर आण’ असं मराठीत लिहिलं तर मनगट थरथरतं, पण वाचता काही येत नाही. नुसते साचे भरून हे सुटणारही नाही, कारण देवनागरीत वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते, जोडाक्षरं घडवावी लागतात, आणि ही मांडणी करणारी यंत्रणा स्क्रीनवर अक्षरं काढणाऱ्या आतल्या कोडमध्ये नाही. वर जागा ५१२ किलोबाइट.

त्यावर रोजच्या वापरातला तोडगा साधा आहे. ज्यांची नोटिफिकेशन महत्त्वाची, त्यांची नावं फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये रोमन अक्षरांत ठेवा. मजकूर नाही कळला तरी आई आहे की बँक, ते कळतं, आणि नव्वद टक्के निर्णय तेवढ्यावरच होतो. इमोजीचंही तसंच, बरेचसे दिसत नाहीत. त्याचं मात्र मला दुःख नाही.

पायरी ६: रोजची घडी बसवणं

बॅटरीवर सर्वात मोठा परिणाम स्क्रीनचा, कारण एलसीडीमागचा दिवा. उजेडाच्या तीन पायऱ्या आहेत. घरात, ऑफिसात सर्वात कमी पायरी पुरते. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्यावर मात्र सर्वात वरची लावल्याशिवाय नीट दिसत नाही. स्क्रीन किती सेकंदांत विझावी तेही कमी करून घ्या.

मग प्रश्न येतो जागं कसं करायचं याचा. एक टिचकी, दोन टिचक्या, मनगट उचलणं, हात झटकणं, असे पर्याय सेटिंग्जमध्ये आहेत. मनगट उचलून जागं होणं सोयीचं वाटतं, पण जेवताना, टाइप करताना, कणीक मळताना ते उगाच लागत राहतं. माझी शिफारस दोन टिचक्यांची. नोटिफिकेशन मोजकी आणि उचलून जागं होणं बंद, एवढ्यावर आठवडा आरामात निघतो. सगळं चालू ठेवलंत तर त्याच्या निम्म्यावर चार्जिंगला लावावं लागेल. नव्या आवृत्त्यांत स्क्रीन सतत चालू ठेवायची सोय आली आहे, पण एलसीडीवर ती चैन आहे आणि बॅटरी तिची किंमत वसूल करते.

झटपट सेटिंग्जमधल्या घंटेच्या तीन अवस्था आहेत: चालू, बंद आणि झोप. रात्री झोपेवर ठेवलं की नोटिफिकेशन थांबतात आणि कूस बदलल्यावर डोळ्यांवर उजेड पडत नाही. फक्त बटणानेच जागं होतं. गजर मात्र वाजतो. ‘वाजतो’ म्हणजे थरथरतो. गजर एकच लावता येतो: एकदाच, रोज, किंवा सोमवार ते शुक्रवार. ज्यांचा शनिवार कामाचा आहे त्यांनी ‘रोज’ ठेवून रविवारी बंद करायचा, दुसरा उपाय नाही. शेजारच्याची झोप न मोडता उठायला हा प्रकार छान आहे. पण पहाटेची गाडी पकडायची असेल तर फोनचाही गजर लावा.

दर तासाला किंवा अर्ध्या तासाला हलका कंप देणारी ‘चाइम’ची सोय बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. बसून काम करणाऱ्यांनी ती लावून बघावी.

पावलांबद्दल फार गंभीर होऊ नका. हातातल्या हालचालींवरून अंदाज बांधला जातो, त्यामुळे खड्ड्यांतून दुचाकी चालवली तरी काही पावलं खात्यात जमा होतात, आणि सुपरमार्केटची ढकलगाडी धरून तासभर फिरलात तर ती मोजलीच जात नाहीत. आकडा मध्यरात्री शून्यावर येतो. घड्याळ मध्येच पुन्हा सुरू झालं तर त्या दिवसाचा हिशेबही जाऊ शकतो. आठवड्यांचा आलेख हवा असेल तर तो गॅजेटब्रिज ठेवतो, म्हणून दिवसभर फोनशी जोडलेलं राहणं महत्त्वाचं.

नाडी मोजताना अ‍ॅप उघडून ‘स्टार्ट’ दाबा, पट्टा घट्ट करा आणि हात टेबलावर टेकवून स्वस्थ बसा. पाठीवरचा हिरवा दिवा लागतो, स्क्रीनवर ‘पुरेसा डेटा नाही, थांबा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो आणि थोड्या वेळाने आकडा. चालताना बोलत बोलत मोजलंत तर कुठलाही आकडा येईल. बसल्या जागी कुतूहल म्हणून ठीक. छातीत धडधडतंय म्हणून घड्याळाकडे बघत बसू नका, डॉक्टरकडे जा.

हवामान हवं असेल तर लक्षात घ्या की गॅजेटब्रिजला इंटरनेट नाही. ब्रीझी वेदरसारखं अ‍ॅप फोनवर घेऊन त्यातून गॅजेटब्रिजला माहिती द्यावी लागते, मग ती घड्याळाकडे जाते. एकदा लावलं की विसरायचं.

पाणी आणि पट्टा

सीलबंद घड्याळाला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६७ मानांकन आहे. हात धुणं, पावसात भिजणं चालतं. पोहणं, बादलीत बुडवणं आणि गरम पाण्याची अंघोळ नको. पावसाळ्यात दुसरीच गंमत होते: काचेवर थेंब पडले की टचला ते बोट वाटतं आणि मेनू आपले आपण उघडतात. जोराच्या पावसात झोपेचा मोड लावा किंवा बाहीखाली ढकला.

पट्टा २० मिलिमीटरचा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. सोबत येणाऱ्या रबरी पट्ट्याखाली आपल्या दमट हवेत घाम साचतो. कापडी पट्टा लावा, फार फरक पडतो.

अडलं तर

घड्याळ गोठलं तर बटण सातआठ सेकंद दाबून धरा. स्क्रीन विझून पाइनचं फळ आलं की सोडा, नेहमीसारखं सुरू होईल. वेळ बहुतेकदा शाबूत राहते, बॅटरी पूर्ण संपली असेल तर मात्र चुकते आणि फोन जोडला की पुन्हा लागते.

सुरूच होत नसेल, किंवा नवी आवृत्ती बिघडलेली असेल, तर फळ दिसल्यावर बटण सोडू नका. हिरवा रंग आधी निळा होतो, आणखी धरलं तर लाल. निळ्यावर सोडलंत तर जपून ठेवलेली आधीची आवृत्ती परत येते. लालवर सोडलंत तर रिकव्हरी सुरू होते. तिच्यात घड्याळ, गजर काहीच नसतं, फक्त ब्लूटूथवरून नवं फर्मवेअर घेण्याची सोय असते. तिथून पायरी ४ पुन्हा करा. हे रंग आणि त्यांचा क्रम कुठेतरी लिहून ठेवा, कारण गरज पडते तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

रुळल्यावर

महिनाभराने काहींना हात शिवशिवायला लागतात. मायक्रोपायथनवर (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या छोट्या रूपावर) चालणारं वास्प-ओएस नावाचं दुसरं फर्मवेअर याच घड्याळासाठी आहे, पायथन येत असेल तर तेही वाचायला मजा येते. पण रोज हातात बांधायचं घड्याळ प्रयोगासाठी वापरू नका. त्यासाठी इन्फिनीसिम आहे: इन्फिनीटाइम जसंच्या तसं कॉम्प्युटरच्या खिडकीत चालवून दाखवणारा प्रोग्रॅम. डायलचा रंग बदलणं, न लागणारी अ‍ॅप्स काढणं, नवा डायल बसवणं, सगळं आधी तिथे करून बघता येतं. कोणते डायल आणि कोणती अ‍ॅप्स घ्यायची ते फर्मवेअर बांधतानाच ठरवता येतं.

अक्षरांचे साचे सोर्स कोडमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाच्या एका जेसन फाइलमध्ये लिहिलेले असतात, कुठल्या फॉन्टमधली कोणती अक्षरं घ्यायची ते. पूर्ण देवनागरी त्यातून होणार नाही, वर सांगितलेल्या मांडणीच्या अडचणीमुळे. पण ० ते ९ हे आपले दहा आकडे आणि वारांची नावं एवढंच लागणाऱ्या मराठी डायलला जोडाक्षरांची गरज फार थोडी. ‘शुक्र’मधला ‘क्र’ तेवढा चित्र म्हणून बसवावा लागेल, ‘शनि’ आणि ‘रवि’ची वेलांटी हाताने न-च्या आणि व-च्या आधी टाकावी लागेल. सी++ थोडंफार येणाऱ्याने सुरुवात करावी असं हे काम आहे, आणि इन्फिनीसिमवर ते घड्याळ विकत घेण्याआधीही करता येतं.